छातीच्या फोटोतला डाग : एका वाचनाचा इतिहास

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर शहाडच्या पुढचे स्थानक आंबिवली. स्थानकाच्या एका अंगाला मोहने. तेथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'एनआरसी'चा कारखाना २००९ साली बंद पडला आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. या परिसरातल्या कामगारांच्या घरांत 'एक्स-रे' हा शब्द फारसा ऐकू येत नसे. तेथे 'छातीचा फोटो' काढत. फोटो 'साफ' येई किंवा फोटोत 'डाग' निघे. डाग निघाला की घरातली भांडी वेगळी होत, मुलीच्या स्थळाची बोलणी थांबत, आणि माणूस सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या खात राही.

गेल्या काही वर्षांत या डागाला एक नवा वाचक मिळाला आहे. छातीचा फोटो किंवा सीटी स्कॅन संगणकात गेला की काही क्षणांत एखादी आज्ञावली संशयित जागेभोवती चौकट आखते आणि तेथे गाठ असण्याची शक्यता आकड्यात सांगते. आम्ही वैद्यकाचे अभ्यासक नाही. मराठीचे अध्यापक आहोत. तरीही हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही. या आज्ञावलीचा इतिहास पाहू लागलो तेव्हा यंत्रांपेक्षा वाचनाविषयीच अधिक वाचायला मिळाले. एकच संहिता दोन जाणत्या वाचकांना वेगळी का दिसते, पाठभेदांचे काय करायचे, प्रमाण प्रत कोणी ठरवायची, हे आपल्या वर्गातले प्रश्न तेथे जीवनमरणाचे झालेले दिसतात.

१

छातीच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहण्याची सोय होण्यापूर्वी वैद्य ते कानांनी ऐकत. १८१६ मध्ये लाएनेक या फ्रेंच वैद्याने स्टेथोस्कोपची कल्पना काढली आणि छातीच्या आवाजांचे एक शास्त्रच उभे केले. पुढे १८२६ मध्ये तो स्वतः क्षयानेच गेला. आनंदीबाई जोशी यांचे निधन २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झाले, तेही क्षयाने, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या या बाईंनाही स्वतःच्या छातीतील रोग 'पाहता' येणे शक्य नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे रंटगेन यांना हे किरण सापडले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. हाताचे चित्र वाचायला सोपे असते. हाडे दिसतात, अंगठी दिसते. छातीचे तसे नाही. छातीची सगळी खोली एका सपाट पृष्ठावर येऊन पडते. बरगड्या, गळ्याचे हाड, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या सावल्या एकमेकींवर चढतात. जुन्या चर्मपत्रांवर पहिला मजकूर खरवडून दुसरा लिहीत आणि मग दोन्ही एकमेकांतून डोकावत. छातीचा फोटो हा काहीसा तसा लेख आहे. फुफ्फुसातील तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर छायेला डॉक्टर नोड्यूल म्हणतात, आपण गाठ म्हणू. ती बरगडीआड असली तर दिसत नाही, आणि दोन बरगड्यांच्या छाया जेथे छेदतात तेथे नसलेली गाठ दिसते.

तरीही अर्धशतकभर असा समज राहिला की कान फसतात, पण फोटो खोटे बोलत नाही. १९३६ मध्ये ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी पडद्यावरच्या छातीच्या प्रतिमेचे लहान फिल्मवर छायाचित्र घेण्याची स्वस्त रीत काढली आणि हजारो लोकांना रांगेत उभे करून तपासणे शक्य झाले. आपल्याकडे १९५५ ते १९५८ या काळात क्षयरोगाची जी राष्ट्रीय नमुना पाहणी झाली तिचा आधार हेच लहान फोटो होते. फोटो लाखांनी निघू लागले, आणि मग ते वाचणाऱ्यांकडे पाहण्याची वेळ आली.

२

१९४७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयतपासणीसाठी फोटो काढण्याच्या चार पद्धतींपैकी सर्वांत चांगली कोणती हे त्यात ठरवायचे होते. १२५६ व्यक्तींचे चारही पद्धतींनी फोटो काढून ते पाच अनुभवी तज्ज्ञांना स्वतंत्रपणे वाचायला दिले. पद्धतींमध्ये डोळ्यात भरण्याजोगा फरक निघाला नाही. वाचकांमध्ये मात्र निघाला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की तेच फोटो काही काळाने पुन्हा दिले असता वाचकाचे स्वतःच्याच पहिल्या वाचनाशी जुळेना. या अभ्यासातले संख्याशास्त्रज्ञ येरुशल्मी यांनी मग प्रत्येक फोटो दोघांनी वाचावा असे सुचवले. गारलंड नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९४९ साली हा प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंसमोर ठेवला. दोष असलेल्या फोटोंपैकी सुमारे ३० टक्के नजरेतून सुटतात, असे त्याचे सांगणे होते.

ही माणसे निष्काळजी होती काय? याचे उत्तर १९७८ मधल्या एका छोट्या अभ्यासात मिळते. कुंडेल, नोडीन आणि कारमोडी यांनी फोटो वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या आणि सुटलेल्या गाठींची तीन प्रकारांत विभागणी केली. काही गाठींकडे नजर गेलीच नव्हती. काहींवरून ती गेली, पण थांबली नाही. सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सुमारे ४५ टक्के, तिसऱ्या प्रकाराचा होता. या गाठींवर नजर पुरेशी रेंगाळली होती, म्हणजे वाचकाने त्या जणू पाहिल्या होत्या, आणि 'हे काही नाही' असा निर्णय देऊन तो पुढे गेला होता. या गाठी दिसल्या होत्या. त्यांचा अर्थ चुकला होता.

पुढे २०१३ मध्ये ड्रू, वो आणि वुल्फ या संशोधकांनी एक प्रयोग केला. त्यांनी सीटी स्कॅनमध्ये एका गोरिलाचे चित्र घातले आणि २४ रेडिओलॉजिस्टांना गाठी शोधायला सांगितले. गोरिला नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा होता. २० जणांना तो दिसला नाही. वाचक जे शोधायला बसतो तेच त्याला दिसते, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना नवी नाही. एकाच कवितेवरच्या पंचवीस उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही ती ठाऊक असते. फक्त आपल्या वाचनात कोणाच्या फुफ्फुसातली गाठ सुटत नाही.

३

संगणक या कामात आला तो पहिल्यांदा वाचक म्हणून आलाच नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतील रेडिओलॉजिस्ट लॉडविक यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या फोटोंमधील लक्षणे आकड्यांत मांडण्याची रीत सांगितली. पाहणारा माणूसच होता. त्याने गाठीचा आकार, कडा आणि जागा यांना अंक द्यायचे आणि यंत्राने त्यांवरून रुग्णाचे भवितव्य मोजायचे, अशी ती विभागणी होती.

यंत्राने स्वतः पाहावे हा प्रयत्न १९८० च्या दशकात शिकागो विद्यापीठात कुनिओ दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटाने केला. गायगर, दोई आणि मॅकमाहन यांनी १९८८ मध्ये मांडलेली युक्ती समजायला अवघड नाही. एकाच फोटोच्या दोन आवृत्त्या करायच्या. एकीत गाठीसारख्या गोल गोष्टी उठावदार करायच्या, दुसरीत त्या पुसट करायच्या. मग पहिलीतून दुसरी वजा करायची. उरेल त्यात गाठी असण्याचा संभव अधिक. नंतर त्यांतील गोल किती, वेडेवाकडे किती, हे नियमांनी तपासायचे. या रीतीत गाठी सापडत, पण त्यांच्याबरोबर बरगड्यांचे छेद आणि टोकाकडून दिसणाऱ्या रक्तवाहिन्याही सापडत. दोई यांची भूमिका मात्र आजही लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्राने निदान करावे असे ते म्हणत नव्हते. यंत्र हे दुसरे मत असावे आणि अखेरचा निर्णय डॉक्टरांचा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. येरुशल्मींना हवा असलेला दुसरा वाचक अशा रीतीने यंत्राच्या रूपाने येऊ घातला होता. २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने छातीच्या फोटोतील गाठी दाखवणाऱ्या अशा पहिल्या प्रणालीला मान्यता दिली.

मधल्या काळात फोटोच बदलला होता. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. १९७९ चे नोबेल त्यांना कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले. सीटीमध्ये छाती थरांत उलगडते. एका पृष्ठाचा लेख शेकडो पृष्ठांची पोथी होतो. बरगडीआडची गाठ बाहेर येते, पण पृष्ठे चाळणारा माणूस थकतो. यंत्राची गरज येथे खरी निर्माण झाली. २०११ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. ५३,४५४ जुन्या-नव्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी अर्ध्यांची कमी किरणांच्या सीटीने आणि अर्ध्यांची साध्या फोटोने तपासणी झाली होती. सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी आढळले. त्याच पाहणीत, सीटीत काहीतरी आढळले असे सांगितलेल्या तपासण्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक अखेर कर्करोगाच्या नव्हत्या. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचले पाहिजेत.

४

आजची आज्ञावली नियमांनी चालत नाही, उदाहरणांनी शिकते. तिला हजारो फोटो आणि त्यांवरच्या तज्ज्ञांच्या खुणा दाखवल्या जातात. १९९५ मध्येच लो आणि सहकाऱ्यांनी गाठींसाठी या जातीचे जाळे वापरून पाहिले होते. पण पुरेशी उदाहरणे आणि पुरेशी गणनशक्ती येईपर्यंत २०१० चे दशक उजाडले. येथे प्रश्न असा की उदाहरणांवरच्या खुणा कोणाच्या?

या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या संग्रहांपैकी एक अमेरिकेत तयार झाला आणि २०११ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात १०१८ सीटी स्कॅन आहेत. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टांनी आधी स्वतंत्रपणे वाचला. मग प्रत्येकाला इतर तिघांच्या खुणा, त्यांची नावे न सांगता, दाखवल्या आणि स्वतःचे मत पुन्हा तपासायला सांगितले. एकमत झालेच पाहिजे अशी सक्ती केली नाही. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून निदान एका तज्ज्ञाने दाखवलेल्या जागा २६६९ होत्या. चौघांनीही दाखवलेल्या ९२८, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश.

आम्हांला येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली. १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती शेकडो हस्तलिखितांच्या तुलनेतून उभी राहिली. वि. स. सुखटणकरांच्या संपादनाचा विशेष असा की स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ खाली, अशी सगळी सामग्री वाचकासमोर राहते. संपादक चुकला असेल तर त्याला त्याच पानावर पकडता येते. अमेरिकी संग्रह करणाऱ्यांनीही हीच सचोटी दाखवली आणि मतभेद मोडून काढले नाहीत. परंतु पुढे त्या संग्रहावरून एक स्पर्धा आखली गेली, तेव्हा चारांपैकी तिघांनी मान्य केलेल्या ११८६ गाठी तेवढ्या खऱ्या धरल्या. काम चालण्यासाठी असे काहीतरी ठरवावेच लागते. मात्र यंत्राच्या हाती गेलेली संहिता तळटीपा गाळलेली असते. आज्ञावली पडद्यावर चौकट आखते तेव्हा 'येथे गाठ आहे' एवढेच दिसते. 'ज्यांच्याकडून मी शिकले त्यांच्यातच येथे दुमत होते' हे दिसत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. पण शुद्ध प्रत रूढ झाली की तिच्याआधीच्या प्रती शोधणे किती कठीण होते, हेही आपल्याला माहीत आहे.

५

हे सारे परदेशात घडते असे नाही. मुंबईत २०१६ मध्ये स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची छातीचे फोटो वाचणारी आज्ञावली आज अनेक देशांत वापरली जाते. पुण्याची डीपटेक ही कंपनीही याच क्षेत्रात आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयतपासणीत फोटो वाचण्यासाठी माणसाऐवजी अशी आज्ञावली वापरता येईल असे सांगितले. त्यासाठी तपासलेल्या तीन प्रणालींपैकी एक मुंबईची होती. क्षयासाठी घडलेली ही नजर पुढे कर्करोगाच्या गाठींकडे वळली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच मुंबईच्या कंपनीने गाठी दाखवणाऱ्या आपल्या आज्ञावलीला अमेरिकेची मान्यता मिळाल्याचे जाहीर केले. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनच्या आरोग्यमूल्यमापन संस्थेने २०२३ मध्ये अशा आज्ञावल्यांबद्दल अधिक पुरावा हवा असे म्हणून हात राखला, हेही नोंदले पाहिजे.

आपल्याकडे या यंत्राची गरज नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयपाहणीत असे दिसले की छातीचा फोटो काढला नसता आणि केवळ लक्षणे विचारली असती, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत हातात धरण्याजोगी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांत नेली गेली. फोटो वस्तीत पोहोचतो, पण तो वाचणारा तज्ज्ञ पोहोचत नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या वाचकाचा प्रश्नच नसतो, पहिलाच नसतो.

अडचण आहे ती डागांच्या भाषेची. अमेरिकेतील धूम्रपान करणाऱ्याच्या फुफ्फुसातील गाठ आणि आंबिवलीतील निवृत्त कामगाराच्या फुफ्फुसातील गाठ सारखी दिसली, तरी दोघींचा पूर्वेतिहास वेगळा असतो. आपल्याकडे बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण छातीत आयुष्यभर राहतात. म्हणून येथे चूक दोन्ही बाजूंनी होते. जुना व्रण कर्करोग वाटतो, आणि कर्करोगाला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जातात. ही दुसरी चूक आपल्या देशात नवी नाही. रोग हाताबाहेर जाण्याचे ते एक ओळखीचे कारण आहे.

आणखी एक मुद्दा. व्हिस्कोस रेयॉनच्या उद्योगात कार्बन डायसल्फाइड वापरावे लागते आणि त्याचे दुष्परिणाम जगभरच्या अभ्यासांत नोंदले गेले आहेत. ते मुख्यतः मज्जातंतू आणि हृदय यांवर होतात. छातीच्या फोटोत त्यांच्यासाठी चौकट नाही. रेयॉनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला यंत्राने 'साफ' म्हटले तर त्याचा अर्थ एवढाच, की यंत्राला जे विचारले होते ते सापडले नाही.

६

हा लेख लिहावासा वाटला त्याचे कारण आता सांगतो. आमच्यापैकी एकाचे वडील रेयॉन कारखान्यातून निवृत्त झालेले. काही काळापूर्वी वस्तीतल्या एका तपासणी शिबिरात त्यांचा फोटो निघाला आणि यंत्राने उजव्या बाजूला वर चौकट आखली. दोन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. कल्याणच्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी चौकटीकडे पाहिले, आकड्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, जुना एखादा फोटो आहे का हो?"

जुना फोटो होता. १९९४ साली त्यांना क्षय झाला होता आणि तेव्हाची फिल्म पिवळ्या लिफाफ्यात माळ्यावर होती. ती काचेवर लावली तेव्हा त्याच जागी तेवढीच छाया दिसली. भरीव गाठ दोन वर्षे वाढली नाही तर ती बहुधा निरुपद्रवी, असा जुना संकेत आहे. येथे तर तीन दशके लोटली होती. तरीही बाईंनी एकदा सीटी करून घेतला. गाठीत चुना साठलेला दिसला आणि विषय मिटला.

यात यंत्राचे काही चुकले नाही. तेथे गाठ होती, ती त्याने दाखवली. त्याच्यापुढे एकच फोटो होता, त्यामागचा काळ नव्हता. तो काळ माळ्यावर होता, आणि तो मागण्याचे भान एका माणसाला होते.

त्याच चाळीतल्या दुसऱ्या गृहस्थांच्याही फोटोत चौकट आली. त्यांचेही क्षयाचे उपचार पूर्वी झाले होते. पण २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी त्यांच्या खोलीत शिरले, तेव्हा रेशनकार्डाबरोबर फिल्मही गेली. त्यांना तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करायला सांगितले आहे. ते तीन महिने अजून संपायचे आहेत. दोघांच्या चौकटी पडद्यावर सारख्याच दिसत होत्या. एकाजवळ तळटीप होती, दुसऱ्याजवळची वाहून गेली होती.

दस्तऐवज जपण्याविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. शिलालेख, बखरी, हस्तलिखिते यांची यादी फळ्यावर लिहितो. माळ्यावरचा पिवळा लिफाफा त्या यादीत आम्ही कधी घातला नव्हता. आता विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने फोटो कितीही विटले असले तरी टाकू नका, आणि मागच्या बाजूस तारीख लिहून ठेवा.